काटा हलेना

वजन उतरवायचा क्लास काढला की दोन गोष्टी होतात. वजनं हळूहळू उतरतात आणि किस्से भराभर चढतात! तिसगावच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर माझा क्लास आहे. व्यायाम मी घेते, काय खायचं तेही मीच सांगते. ऐकायचं काम बायकांचं. ते एक सोडलं तर सगळं व्यवस्थित चालतं!

*

कमलताईंना म्हटलं, "जेवताना एकच भाकरी." पुढच्या आठवड्यात काट्यावर उभ्या राहिल्या, तर वजन वाढलेलं!

"एकच खाल्ली ना?"

"देवाशप्पत एकच! पर तव्यात मावंना, मग कडा दुमडल्या."

*

पारूबाई आल्या तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. त्यांच्या नवऱ्याच्या, दगडूनानांच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. नगरला डायलिसिस चालू. पारूबाईंची किडनी जुळत होती, पण डॉक्टर म्हणाले, आधी तुमचं वजन उतरवा, मग ऑपरेशन.

"मॅडम, मला बारीक-बिरीक दिसायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "डाक्टर हो म्हनंल तेवढं करा."

तेव्हापासून दर सोमवारी पारूबाई काट्यावर चढल्या की सगळा क्लास वाकून बघायचा.

*

जोशीबाई शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांना म्हटलं, रोज सकाळी पाथर्डी रोडनं चालत जा. पण आमच्याकडं ओळखीचं माणूस पायी दिसलं की गाडी थांबणारच. "बाई, कुठं निघाला? बसा!" त्यात निम्मा तालुका त्यांचा विद्यार्थी. नाही म्हटलं की रुसणार. बाई रोज टेम्पोनं पाथर्डीला पोचायच्या आणि एस.टी.नं परत यायच्या!

शेवटी मी त्यांच्या हातात खुरपं दिलं. शेताला निघालेल्या बाईला कोण अडवतंय?

अडवलं की हो! एक शेतकरी म्हणाला, "बाई, आमच्या कांद्यातबी येता का?" बाईंना नाही म्हणता येईना. चांगलं महिनाभर खुरपलं. वजन असं उतरलं, की क्लासातल्या चौघीजणी मला सोडून कांद्यात गेल्या!

*

कमलताईंच्या नातवाचं बारसं होतं. जिलेबी! आमच्याकडचा आग्रह म्हणजे जुलूमच. नको नको म्हणायचं आणि ताटात पडतच राहायची. टाकून उठायचं तर अन्नाचा अपमान. म्हणून पारूबाईंना सांभाळायला क्लासच्या बायका त्यांच्या दोन्ही बाजूंना बसल्या. त्यांच्या ताटात पडलेली प्रत्येक जिलेबी ह्यांनी उचलली.

सोमवारी एकजात सगळ्यांची वजनं वाढलेली!

"आमचं ऱ्हाऊ द्या मॅडम, पारूबाईंचं बघा!"

पारूबाईंचं जसंच्या तसं. तसूभर कमी नाही.

माझं डोकंच फिरलं. व्यायामात ही बाई कसर ठेवत नव्हती, भाकरीसुद्धा मोजून खात होती. मग अडतंय कुठं? तिकडं नाना दिवसेंदिवस खंगत चाललेले. "चोरून खाता का हो?" मी विचारलं, तर बिचारी रडायलाच लागली. मला फार वाईट वाटलं.

*

एक दिवस न सांगता त्यांच्या घरी गेले. म्हटलं, डोळ्यांनी बघूच काय शिजतंय.

पारूबाई गोठ्यात धार काढत होत्या. चुलीपुढं दगडूनाना. बायकोला गुरं, शेत आणि वर माझा क्लास, म्हणून स्वयंपाक हल्ली त्यांच्याकडं होता. पातेल्यात दुधीची भाजी रटरटत होती. नानांनी तिच्यात मूठभर शेंगदाण्याचा कूट टाकला. परत एक मूठ. वरून तेलाची धार. मग भाकरीच्या पिठात लोण्याचा गोळा मळायला घेतला.

"नाना! अहो, अशानं त्यांचं वजन कसं उतरायचं?"

"न्हाईच उतरू द्यायचं."

"अहो, पण तुमचं ऑपरेशन..."

"माजं काय व्हायचं ते हुईल," नाना पिठाकडं बघत म्हणाले. "तिला कापायचं न्हाई. मला ती अख्खी पायजे."

मी वळून बघते तर दारात पारूबाई. हातात दुधाची चरवी. किती वेळच्या उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी चरवी खाली ठेवली, नानांच्या पुढची परात आपल्याकडं ओढली आणि म्हणाल्या,

"आन् तुमी गेल्यावर ह्या अख्खीचं मी काय करू?"