खिशातलं ब्राह्मीचं पान

औषधी पाला दुसऱ्याला देताना पहिलं पान देणाऱ्यानं स्वतः खायचं. ही रीत मला बारवी धरणाकडच्या एका ठाकरीणबाईनं शिकवली. बदलापूरच्या बाजारात ती रानभाज्या आणि मुळ्या घेऊन बसते. ब्राह्मीची पहिली काडी मला तिनंच दिली. देण्याआधी एक पान खुडून चघळलं, जीभ काढून मला दाखवली, आणि मग काडी हातावर ठेवली.

मी म्हटलं, "बाई, माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"तुझ्या इस्वासाचं काय करू दादा? काय दिलंय ते देनाऱ्यालाच म्हाईत असतं. म्हनून त्यानं आधी खायाचं."

मला ते पटलं. पटलं म्हणजे आवडलं, कारण त्यात रुबाब होता. पुढे मी इमारतीत कुणालाही अडुळसा दिला, ओव्याची पानं दिली, तरी आधी स्वतः एक खायचो आणि जीभ दाखवायचो. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

मी चौथीपर्यंत शिकलो. बदलापूरलगत खरवईत आमचं भाताचं शेत होतं. आता तिथं इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी मुलासुनेकडे राहतो. मागच्या भिंतीलगत एक अरुंद पट्टा कुणी वापरत नव्हतं, तो मी धरला. गवती चहा, तुळस, अडुळसा जमिनीत लावला. ब्राह्मीला ओल लागते, म्हणून ती प्लास्टिकच्या जुन्या टबांत. खताला मी कधी पैसा लावला नाही. जवळच्या तबेल्यातलं शेण, गोमूत्र, थोडा गूळ, मूठभर बेसन आणि वडाखालची माती ड्रममध्ये कालवून ठेवायचो, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचो. वरून घरातली सालं आणि धुतलेली चहापत्ती. खत विकत घेतो तो शेतकरीच नव्हे, हे माझं वाक्य मी इतक्यांदा ऐकवलं होतं की सोसायटीतले लोक मला बघूनच ते म्हणून दाखवायचे.

मग तबेला उठला. जागा विकली गेली, गाई-म्हशी कुठे गेल्या कुणास ठाऊक. दोन महिन्यांत माझी ब्राह्मी पिवळी पडली. सून म्हणाली, "बाबा, नर्सरीत शेणखताची गोणी मिळते. मी आणते."

मी तिला म्हणालो, "त्यापेक्षा ब्राह्मीच विकत आण ना, आणि मला रिकामा बसव."

त्याच दिवसांत एका लग्नाला उल्हासनगरला गेलो होतो. तिथं नाल्यातून काढलेला गाळ रस्त्याच्या कडेला पडला होता, काळाभोर, लोण्यासारखा. मला माझा बाप आठवला. पूर ओसरला की तो नदीकाठचा गाळ पाट्या भरभरून शेतात आणायचा, आणि त्या वर्षी भात कमरेला लागायचा. गाळ तो गाळ, असं माझ्या डोक्यानं घेतलं. पुतण्याच्या टेम्पोतून सहा गोण्या घेऊन आलो.

सुनेनं नाक धरलं. "बाबा, ह्याला रॉकेलसारखा वास येतोय."

"मग खताला काय अत्तराचा येतो?"

ब्राह्मी पंधरा दिवसांत हिरवीगार झाली. मी सगळ्या इमारतीला बोलावून दाखवली.

सगळ्यांत जास्त खूश तळमजल्यावरची भाभी होती. भाभी म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्पातून मुलाकडे राहायला आलेली सिंधी विधवा, वयानं माझ्याएवढीच. तिला विसरायला होत होतं. भाजीत दोनदा मीठ, गॅस तसाच चालू. तिला एकच धास्ती होती, मुलगा आपल्याला एकटीला बाहेर सोडणं बंद करील. रोज सकाळी ती देवळात एकटी जायची. घराची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची आणि मंगळसूत्रासारखी जपायची. मी रोज तिला ब्राह्मीची पाच पानं नेऊन द्यायचो. एक मी खायचो, चार ती.

"भाऊ, तुमच्या ब्राह्मीच्या पत्त्यानं मला काल काय जेवली ते पण याद राहिला," ती म्हणायची. "परसूं काय जेवली ते मात्र नका विचारू."

एका सकाळी टबातली माती मोकळी करताना खुरपं कशावर तरी खट्‌ वाजलं. काढून बघितलं तर जीन्सचं बटण. त्याला निळे धागे गुंडाळलेले होते. खाली आणखी निळे धागे, कुजलेले. हाताची माती धुतली तेव्हा बादलीत पाण्याच्या कडेला निळी रेघ उठली, आणि माझ्या तळहाताच्या रेषांत जो रंग बसला तो दोन दिवस साबणानं गेला नाही. उल्हासनगरात जीन्स धुतात, रंगवतात, आणि त्यातलं पाणी कुठे जातं, हे मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. तिकडचे नातेवाईक नाला आज निळा होता की काळा हे हवापाण्यासारखं सांगायचे.

तेव्हाच टब रिकामे करायला हवे होते. पण मग सुनेचं नाक खरं ठरलं असतं. मी बटण भिंतीपलीकडे फेकलं आणि रोजच्यासारखी पाच पानं खुडली.

भाभीच्या दारात पान तोंडापर्यंत नेलं. जीभ पुढे येईना. ती पाण्याचा पेला घ्यायला वळली, तेवढ्यात मी ते सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि रिकामं तोंड हलवत राहिलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. तिची चार पानं मात्र तिच्या हातावर ठेवत होतो.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "भाऊ, आज तुम्ही नाही खाल्ला."

मी म्हणालो, "खाल्लं की भाभी. तुम्ही विसरलात."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे. शेताच्या बांधावरून, भावकीत, पुढाऱ्यांसमोर. पण ज्या माणसाचं जे दुखणं आहे तेच धरून बोललेलं हे एकच. तिचा चेहरा एकदम लहान झाला. "हो का," म्हणाली, आणि उगाच हसली.

ती बाई माझ्याहून सरळ. संध्याकाळी तिनं स्वतःच मुलाला सांगितलं, समोर घडलेलं पण आता माझ्या ध्यानात राहत नाही. मुलानं तिच्या गळ्यातली किल्ली काढून घेतली. दुसऱ्या दिवशी ती उघड्या मानेनं दारात उभी होती. "भाऊ, आता चार नको. दहा द्या."

आणि मी दहा दिली.

त्या रविवारी सुनेनं कपडे मशीनमध्ये टाकताना माझे खिसे चाचपले. वाळलेली, चुरगळलेली पानं तिनं एका वाटीत काढली आणि चहाच्या कपाशेजारी माझ्यासमोर ठेवली.

"बाबा, ही कुणाची?"

"माझीच. खायची राहिली."

"मग खा आता."

मी चहा प्यायलो. ती उभीच. मुलगा पेपर बाजूला ठेवून बघत होता. शेवटी मी गाळाचं सांगितलं, बटणाचं सांगितलं. भाभीचं सांगताना मान वर झाली नाही. सून ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही जाताय खाली, की मी जाऊ?"

तीन मजले मला उतरायला कधी एवढा वेळ लागला नव्हता. दार तिच्या मुलानं उघडलं. भाभी खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. मी उभ्यानंच बोललो. "भाभी, तुम्ही विसरला नव्हतात. मी पान खाल्लंच नव्हतं. खिशात टाकलं होतं." मग ते का टाकलं, तेही.

तिचे हात थांबले. "म्हणजे मी बराबर देखला होता?"

"बरोबर बघितलं होतं."

 मुलाकडे वळून तिनं हात पुढे केला. त्यानं आतून किल्ली आणून तिच्या हातावर ठेवली. मग तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. तपासण्यांत काही निघालं नाही, असं कळलं. ते मला त्यानं सांगितलं नाही, सुनेला सांगितलं.

गाळ मी परत गोण्यांत भरून बांधून ठेवला. कुठे टाकू? जिथे टाकीन तिथे कुणाची तरी जमीन. त्या गोण्या अजून जिन्याखाली आहेत आणि सोसायटीची नोटीस माझ्या नावावर आहे. टब फेकून दिले. सुनेनं नर्सरीतून शेणखताची गोणी आणली, ती मी कुणाचीही मदत न घेता मागच्या दारी नेली. बघणाऱ्यांनी बघितलं. माझं ते वाक्य आता कुणी म्हणून दाखवत नाही.

ठाकरीणबाईकडे नवी काडी मागायला गेलो. तिनं आधीच्या ब्राह्मीचं काय झालं विचारलं. मेली, असं सांगितलं. तिलाही खरं सांगता आलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

नव्या टबातली पहिली पाच पानं घेऊन मी भाभीच्या दारात गेलो. किल्ली तिच्या गळ्यात होती. मी पान तोंडात टाकलं, चावलं, गिळलं. ती पाणी आणायला वळली नाही.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

मी उघडलं.

"जीभ वर करा."

मी केली. तिनं डोळे बारीक करून आत नीट बघितलं. मग चार पानं घेतली, फळीवर स्टीलच्या डब्याखाली ठेवली, आणि "बरं, जा," म्हणाली. तिनं ती नंतर खाल्ली की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाच पानं घेऊन गेलो, आणि तिनं सांगायच्या आधीच तोंड उघडलं.