हिरव्या पुड्याची मुदत

बोचुआनमामा 'लिनक्स' हा शब्द दातात अडकलेला माशाचा काटा काढावा तसा बाहेर काढतो. आधी ओठ वाकडे, मग नाकातून हवा. मला हुबेहूब जमतं, पण आईसमोर करायची चोरी. तीही त्याच्याच कचेरीत आहे.

गांगशानच्या स्क्रू कारखान्यात मामाने बावीस वर्षं विंडोज सांभाळलं. टेबलांवरचे चाळीस संगणक त्याचे, काचेच्या खोलीतला सर्व्हर त्याचा, खोलीची एकुलती एक किल्ली त्याच्या पट्ट्याला. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे त्याच्या डोक्यावर कुरकुरीत खाऊचा पुडा ठेवतात. पुडा हिरवाच हवा आणि मुदतीतला हवा. पिवळा म्हणजे धोक्याच्या दिव्याचा रंग, तो दिसला की लोकांना घाम फुटतो.

मग आली सव्वीस वर्षांची यूथिंग, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा दुसरा सर्व्हर घेऊन. मालकीणबाई म्हणाल्या, "महिनाभर दोन्ही सर्व्हर शेजारी-शेजारी चालवा. जो कमी छळेल, खोली त्याची."

"काय गं पोरी, तुझं लिनक्स अजून बंद करून चालू करावं लागलं नाही?"

"नाही काका. एकोणीस दिवस झाले."

"दमेल हं बिचारं."

"तुमचं रोज विश्रांती मागतं ना, त्यालाच विचारते काय बरं वाटतं ते."

तेही मामाने गिळलं असतं. पण कचेरीतल्या बायकांनी आपण होऊन तिच्या सर्व्हरवर हिरवा पुडा ठेवला! त्या रात्री मामाने जेवायच्या काड्या ताटलीवर आपटल्या. "बावीस वर्षांत मला कुणी दिला एक तरी?"

"दादा, तू गठ्ठ्याने आणतोस," आई म्हणाली. "आम्ही ठेवायचा कुठे?"

सव्विसाव्या दिवशी, जेवणानंतर दिवे मालवून सगळे टेबलावर डोकं टेकून झोपलेले असताना, मामा कुलूप काढून काचेच्या खोलीत शिरला आणि तिचा हिरवा पुडा काढून पिवळा ठेवून आला. रोज याच वेळी तो आपल्या सर्व्हरचं बंद-चालू होणं संध्याकाळवर ढकलायचा. त्या दिवशी तेवढं राहिलं.

दिवे लागले. "पिवळा! कुणी हात लावू नका!" अख्खी कचेरी काचेला नाक लावून लिनक्सकडे बघत उभी. ते आपलं मजेत चालू. शेजारी मामाचा सर्व्हर मात्र, परदेशी जाणाऱ्या मालाच्या चिठ्ठ्या छापायच्या ऐन घाईत, स्वतःहून बंद झाला. चाळीस मिनिटं.

पुडा कुणी बदलला, हे कुणी विचारलं नाही. सगळे त्याच्या पट्ट्याकडे बघत होते.

"सर्व्हर हिचा," मालकीणबाई म्हणाल्या. "टेबलांवर विंडोजच राहू दे, मुलींचा हात बसलाय त्यावर. बोचुआन, किल्ली."

यूथिंग पडली भोळी. "काका, पुड्यांचं तुम्हीच बघा हं. मला तारखा लक्षात राहत नाहीत."

बघतो ना. मामा गठ्ठा उलगडतो, चष्मा कपाळावर चढवून एकेक तारीख वाचतो, आणि सगळ्यात आधी मुदत संपणारा पुडा तिच्या मशीनवर ठेवतो.