पडताळा दहा वेळा

पेपर मिलची ड्युटी करून शेजारचे काका आम्हा अकरावीच्या पोरींना लॉगरिदम शिकवायचे. गणित सुटलं की मान न उचलता म्हणायचे, "उत्तर परत टाकून पाह्य." जी पाहत नसे, तिला पडताळा दहा वेळा लिहावा लागे.

एकदा माझा एक्स उणे दोन आला. उणे संख्येचा लॉग नसतो म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर लाल फुली मारली. लॉग मात्र एक्स अधिक पाचचा, म्हणजे तीनचा होता. मी वही मिटून घरी आले.

सकाळी ते दारात आले. बाबांना म्हणाले, "भाऊ, पोरीचं बरोबर होतं. मीच परत टाकून नाई पाह्यलं." मग माझी वही मागून घेतली आणि ओट्यावर बसून पडताळा लिहू लागले.

सहाव्यांदा लिहून झाल्यावर मी म्हटलं, "काका, राहू द्या."

मान न उचलता म्हणाले, "अजून चार राह्यले."