एक नंबरच्या सीटवरचा रुमाल

घड्याळ बंद पडलं तर मी सेल बदलतो, अंगारा लावत नाही. असले अनुभव आजवर मी हसण्यासाठीच वाचत आलो, त्यामुळे स्वतःचा लिहिताना थोडी लाज वाटते आहे. पण जे घडलं ते घडलं...

मी जालन्यात लहान धंद्यांच्या वेबसाइट करून देतो. गेल्या हिवाळ्यात गजाननभाऊंचं काम आलं. भाऊंची एकच ट्रॅव्हलर गाडी. ते स्वतःच चालवतात. दर रविवारी जालना ते वेरूळ, संध्याकाळी परत. त्यांची जुनी साइट उघडली की आधी सनई वाजायची, मग पाकळ्या पडायच्या, मग गॉगल घातलेले भाऊ हात जोडून प्रकट व्हायचे. बुकिंगचं बटण सापडेपर्यंत माणूस पायी वेरूळला पोचला असता.

मी सगळा थाट काढला. पहिल्याच पानावर गाडीचा नकाशा दिला – रिकामी सीट हिरवी, बुक झालेली लाल. तरी लोक फोनच करत राहिले. शेवटी भाऊच म्हणाले, "सर, लाल दिसलं की लोकायला वाटतं गाडीच बिघडली. एसटीत सीट धरायला काय टाकतेत? रुमाल. मंग रुमाल टाका की!"

इतका शहाणा सल्ला मला कुठल्याच कोर्समध्ये मिळाला नव्हता. लाल रंग काढून त्या जागी चौकड्यांच्या रुमालाचं चित्र टाकलं, आणि बुकिंग खरोखर येऊ लागलं. भाऊ खुशीत. त्यांनी गाडीतही धुतलेले रुमाल ठेवले. बुक झालेल्या सीटवर निघण्याआधी स्वतः टाकायचे. नियम एकच : "बुक म्हंजे बुक. माणूस न्हाई आला तरी रुमाल उचलायचा न्हाई." मागे एकदा त्यांनी अशी सीट दुसऱ्याला दिली होती, आणि सीटवाला पुढे बदनापूरला हात करून उभा! तिथून वेरूळपर्यंत त्यांनी त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

माझ्या आईला गाडी लागते. फक्त ड्रायव्हरशेजारी, एक नंबरच्या सीटवर बसली तर लागत नाही. एका रविवारी तिला वेरूळला न्यायचं कबूल केलं होतं. बुधवारी साइट उघडली तर एक नंबरवर रुमाल. नोंद बघितली – नाव नाही, मोबाइल नाही. आता, मोबाइल टाकल्याशिवाय माझा फॉर्म पुढे सरकतच नाही. नोंद पुसली; आधी चूक सापडू दे, मग आईचं नाव टाकू म्हटलं. गुरुवारी रुमाल परत! पुसला, पासवर्ड बदलला, तीन फोनवर तपासलं. शुक्रवारी परत.

शनिवारी भाऊंना फोन केला. "भाऊ, एक नंबर रिकामी आहे, आईला द्या."

"रिकामी हाय, मंग रुमाल कशाला दिसून राह्यला?"

"सिस्टिमची चूक आहे."

"तुमीच तर म्हणले व्हते, सिस्टिम चुकत न्हाई."

म्हणालो होतो. काम मिळवताना माणूस काहीही म्हणतो.

रविवारी सकाळी सात वाजता एक नंबरच्या डोक्याच्या टेकूवर निळ्या चौकड्यांचा रुमाल टाकलेला होता. आई शेवटच्या रांगेत, हातात लिंबू आणि प्लास्टिकच्या पिशव्या. "साइट पोराची अन् आईला मागची सीट! लोकायचे पोरं आईला इमानात बसवून राह्यले." गाडीत सगळे हसले. मी खिडकीबाहेर बघत होतो.

बदनापूर मागे पडलं. पुढे लोखंडी सळया भरलेला ट्रक होता. सळया मागे चार हात बाहेर, टोकाला लाल फडकं. अचानक एक ट्रॅक्टर आडवा आला. ट्रकने ब्रेक मारला. भाऊंनी ब्रेक दाबून गाडी उजवीकडे ओढली, पण पुढच्या काचेची डावी बाजू ट्रकवर गेलीच...

आवाज अजून कानात आहे.

दोन सळया काच फोडून आत आल्या होत्या आणि एक नंबरच्या टेकूतून आरपार गेल्या होत्या. एका सळईवर निळा रुमाल लोंबत होता. भाऊंच्या हाताला काच लागली, तेवढंच. बाकी कोणाला ओरखडासुद्धा नाही.

आईची उंची जेमतेम पाच फूट. तो टेकू तिच्या डोक्याशी कुठे आला असता हे मी मोजलं नाही. तिचा हात धरून रस्त्याकडेला बसलो. तिला उलटी झालीच नाही. मला झाली.

संध्याकाळी घरी येऊन साइट उघडली. त्या रविवारची एक नंबरची सीट हिरवीगार. शुक्रवारी परत आलेली नोंद नाही, ती कोणी पुसल्याची खूणही नाही. पुण्यातल्या एका हुशार मित्राला दाखवलं. तो म्हणाला, "बग असेल." बग म्हणजे आमच्या धंद्यातलं 'बाहेरचं', समजलं नाही की त्याच्यावर ढकलायचं. दोन वेळा पुसूनही जी नोंद परत आली, ती त्यानंतर कधीच आली नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. सांगता येतं ते एवढंच, की आई घरात आहे आणि माझ्या साइटला अजून नावं ठेवते.

परवा चहा गाळता गाळता म्हणाली, "कोनाचा व्हता रं तो रुमाल? निदान बलावून चहा तरी पाजला असता."

बोलावणार कसं? मोबाइलचा रकाना रिकामा होता.