लेकीसाठी काळा गूळ

दीक्षा आमच्या बेला गावची. तिचे वडील नागोराव बाजारहत्नूरकडच्या गुऱ्हाळावर गुळव्या आहेत; कढईतला पाक कधी उतरवायचा ते त्यांना वासावरून कळतं. लेक आदिलाबादला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सुट्टीत हैदराबादला संशोधनासाठी जाते. मी त्यांची शेजारीण. माझ्या तोंडून दुसऱ्याचं कौतुक सहसा निघत नाही, असा माझ्या सासूबाईंचा जुना आरोप आहे. पण या पोरीचं केल्यावाचून राहवत नाही.

तिचं काम साध्या साखरांवर. गूळ पाण्यात विरघळवायचा, लिंबाच्या सत्त्वाने त्यातली साखर फोडून ग्लुकोज मोकळं करायचं, मग ते पाणी गाळून निकेलच्या भुकटीवर हायड्रोजनच्या दाबाखाली तापवायचं. निकेल स्वतः खर्ची पडत नाही, लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं नुसतं जुळवून देतं. हाती येतं सॉर्बिटॉल, टूथपेस्टमध्ये घालतात ते. बाटलीतल्या शुद्ध ग्लुकोजवर हे सहज होतं. दीक्षाचा हट्ट, गावच्या गुळावर करून दाखवायचं.

आणि गुळावर ते होईना. दर वेळी निकेल निकामी व्हायचं. शेवटी तिचे मार्गदर्शक म्हणाले, "आता एकच संधी. नाही जमलं तर गुळाचा भाग प्रबंधातून काढून टाका." तिची सगळी मेहनत त्याच भागात होती.

मी असते तर रडत बसले असते. हिने निकामी भुकटी तपासायला दिली. भुकटीवर गंधक सापडलं. गंधक एकदा निकेलला चिकटलं की साखरेला जागाच उरत नाही. पण गुळात गंधक आलं कुठून? टेबलावर घरून आलेली ढेप होती, पिवळीधमक. तिला लहानपणी गुऱ्हाळावर पाहिलेली पांढरी पावडर आठवली आणि ती तडक बेल्याला आली.

"बाबा, मले पाठवता त्या गुळात तुमी पावडर टाकता?"

"टाकतो ना," नागोराव खुशीत म्हणाले. "तुह्या गुळात तर चिमूटभर जास्तच. रंग कसा येते, पाह्यलं ना?"

"त्या पावडरीत गंधक असते, बाबा. त्यानंच माहं निकेल मरून राह्यलं."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "म्हंजे मीच तुह्या कामात माती कालवली?"

"नाही. तुमी चांगलंच दिलं. त्या निकेललेच सोनं झेपलं नाही. आता मले बिनपावडरीचा द्या."

"काळा गूळ? लेकीले? लोक काय म्हन्तीन?"

पण त्यांनी मालकाची बोलणी खाऊन एक कढई पावडरीविना उतरवली. ढेप अशी काळीकुट्ट निघाली की नागोरावांनी ती नव्या टॉवेलात गुंडाळून, कुणाला दिसू नये म्हणून पिशवीच्या तळाशी घातली. बस सुटेपर्यंत त्यांची मान खाली होती.

काही दिवसांनी दीक्षाचा फोन आला. निकेल शेवटपर्यंत टिकलं होतं. गुळाचा भाग प्रबंधात राहिला. फोन ठेवून नागोराव ही बातमी सांगायला आमच्या दारात आले. माझे डोळे भरून आले, सासूबाईंनी काय म्हणायचं ते म्हणोत.

आता त्यांच्याकडे पाहुणे आले की नागोराव पाण्यासोबत काळाच गूळ पुढे करतात. कुणी नाक मुरडलं, की म्हणतात, "खा गुमान. निकेलनं पचवला, तुमाले काय धाड भरली?"