चायनीज वहिनींचं लेबल

"नॉट हंग्री," खुन अनन म्हणाले आणि कॅन्टीनचं ताट हळूच पुढे सरकवलं. सलग तिसऱ्या दिवशी.

हे थायलंडच्या कस्टमरचे ऑडिटर. चार वाजता क्लोजिंग मीटिंग. त्यांनी सही केली तर आमचा ब्रॅकेट तिकडच्या गाड्यांना लागणार. नाही केली तर क्वालिटी मॅनेजर म्हणून माझं काय होणार, ते प्लांट हेड कुलकर्णी सरांनी सकाळीच सांगितलं होतं. 'खुन' म्हणजे त्यांच्याकडचं 'श्री'. आमच्या सिक्युरिटीवाल्याने गेट रजिस्टरमध्ये 'खून' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. तिथूनच सगळं बिघडलं, असं माझं मत.

आदल्या दिवशी एक एनसी पडली होती. एनसी म्हणजे ऑडिटरने लेखी धरलेली चूक. डाव्या ब्रॅकेटच्या बिनवर, म्हणजे माल ठेवायच्या पेटीवर, उजव्याचं लेबल. माल एकदम ओके, लेबल चुकीचं.

कुलकर्णी सरांनी मला बाजूला घेतलं. "शेलार, उपाशी ऑडिटर अजून दहा एनसी काढेल. त्याला खायला घाला काहीतरी."

"सर, पहिल्याच दिवशी वाकडला थाई रेस्टॉरंटमध्ये नेलं होतं."

ती निवड माझी. लग्नाच्या वाढदिवसाला तिथे एकदा ग्रीन करी खाल्ली होती, तेवढ्यावर मी जाणकार झालो होतो. बायको तेव्हाच म्हणाली होती, "पालकाची पातळ भाजी आहे हो ही, नारळाचं दूध ओतलेली." खुन अनन यांनी दोन चमचे घेतले आणि म्हणाले, "व्हेरी ब्यूटिफुल प्लेट." ताटलीचं कौतुक करणारा पाहुणा जेवलेला नसतो, हे मला कळायला हवं होतं.

आमच्या धंद्यात व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस करतात. लहान पोरासारखं 'का, का' विचारत मुळापर्यंत जायचं. मी ते माझ्या दोन जुन्या डबा-मित्रांबरोबर केलं. टूलरूमचे शकीलभाई आणि स्टोअरचे दत्ताभाऊ.

"जेवत का नाही?" मी.

"खाना पसंद नाही," शकीलभाई.

"का पसंत नाही?"

"कारण ते थाई न्हाई," दत्ताभाऊ म्हणाले. "आन् थायलंडवरनं आठवलं, आमच्या पोपटची बायको बी तिकडचीच हाय."

मी डबा खाली ठेवला. "कोण पोपट?"

"वेल्डिंगला गेल्ता तिकडं, बायको घेऊन आला. तळेगाव रोडला टायरवाल्याच्या मागं हाटेल हाय त्यांचं. समदे चायनीज वैनी म्हणत्यात तिला."

"तीन दिवस मी थाई थाई करतोय, दत्ताभाऊ! आधी का नाही सांगितलं?"

"तुमी थाई इचारत व्हता. वैनी तर चायनीज हाय."

रूट कॉज सापडलं.

अर्ध्या तासात खुन अनन यांना घेऊन आम्ही तिघे तिथे पोहोचलो. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, चार टेबलं. वर बोर्ड: 'पोपट चायनीज'. खुन अनन यांनी शांतपणे हात सॅनिटाइज केले. शकीलभाई माझ्या कानात म्हणाले, "शेलारसाब, नोकरी गयी आपकी."

तेवढ्यात आतून खलबत्त्याचा आवाज आला. ठक, ठक, ठक. खुन अनन ताडकन उठले आणि सरळ किचनमध्ये घुसले. मग आतून दोन माणसं एकाच वेळी थाईमध्ये बोलायला लागली.

वहिनी बाहेर आल्या. साडी, कपाळाला टिकली. "बसा की भावजी. साहेब आमच्याच भागातलं निघालं बघा! तिखाट किती घालू?"

"आम्ही ठेचा खाणारी माणसं," मी म्हणालो. "होऊ द्या."

कच्च्या पपईचा कीस, लसूण, शेंगदाणे, लिंबू, गूळ, वर माशाचं खारट पाणी, सगळं खलबत्त्यात कुटलेलं. सोबत चिकट भात. पहिला घास अप्रतिम होता. दुसऱ्या घासाला मला दोन दत्ताभाऊ दिसले. शकीलभाई फक्त "या अल्लाह" म्हणाले आणि तरी खात राहिले. खुन अनन हाताने भाताचे गोळे करत तीन प्लेटा जेवले. मध्येच त्यांनी डोळे पुसले. मिरचीमुळे नाही, एवढं मला कळलं.

निघताना ते बोर्डासमोर थांबले. "व्हॉट इज रिटन?"

"चायनीज," मी सांगितलं.

त्यांनी खिशातून पेन काढलं, टिश्यू पेपरवर लिहिलं आणि वाकून दोन्ही हातांनी वहिनींना दिलं. 'एनसी. पार्ट ओके. लेबल नॉट ओके.'

चार वाजता सही झाली. अट एकच: पंधरा दिवसांत दुरुस्त लेबलांचे फोटो पाठवा. दोन्ही लेबलांचे.

बिनचं लेबल आम्ही त्याच दिवशी बदललं. बोर्डाचं काम दत्ताभाऊंनी पेंटरला दिलं, कागदावर स्वच्छ अक्षरात 'पोपट थाई' लिहून. फोटो आले, मी फॉरवर्ड केले. तासाभरात उत्तर: 'बोथ लेबल ओके. क्लोज्ड.'

शनिवारी आम्ही तिघे जेवायला गेलो. शेडमध्ये बसायला जागा नाही. वहिनी कपाळाला हात लावून उभ्या. "भावजी, समदी मान्सं दोन भाज्या, तीन चपात्या मागत्यात. काय करू?"

मी बाहेर येऊन वर बघितलं. पेंटरला दत्ताभाऊंचं लिहिणं चुकलेलं वाटलं असणार. त्याने ते सुधारलं होतं. बोर्डावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: 'पोपट थाळी'.

फोटो बघून एनसी बंद करू नये, हे मी ट्रेनिंगमध्ये दरवर्षी शिकवतो. खुन अनन यांची चूक मी धरत नाही. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. मला येतं.