अळणी पावाची शिक्षा

गल्लीत तिला सगळे मेट्रन म्हणत. उभ्या आयुष्यात तिनं कुठल्या इस्पितळात नोकरी केली नव्हती, पण तिच्यासमोर उभं राहिलं की माणसाला उगाचच आपली नखं वाढलीत असं वाटायचं, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. तिच्या कानावर ते आलं होतं आणि मनातून तिला ते आवडतही होतं. तिला वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढी खमकी बाई आपण, आणि वाट्याला कुटुंब आलं ते असलं मिळमिळीत.

नवरा निवृत्त. नोकरीत असतानाही त्यानं काही दिवे लावले नव्हते, आता तर सकाळचं फिरणं हीच त्याची कर्तबगारी. मुलगा विमा कंपनीत. जळालेली दुकानं आणि ठोकलेल्या गाड्या बघून नुकसान किती झालं ते लिहायचं, हे त्याचं काम. घरातही तो तसाच वावरायचा, सगळं आधीच मोडून पडलंय आणि आपण फक्त नोंद घ्यायला आलोय अशा चेहऱ्यानं. मुलगी एका कचेरीत, सदा घाईत, सदा अर्धवट. आणि सून. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं बेकरीतला कापलेला ब्रेड पिशवीतून घरात आणला होता. त्याला चार वर्षं झाली. मेट्रन ते विसरलेली नव्हती.

कारण तो एक सोडला तर या घरात चौतीस वर्षं बाहेरचा पाव आला नव्हता. बाहेरच्या पावाला ती पाव म्हणतच नसे, कापूस म्हणे. रोज सकाळी साडेपाचला ती पीठ भिजवायला घेई आणि साडेसातला पाच पाव जाळीवर निवत असत, प्रत्येकाचा एक. ओळखायला वर ब्लेडनं चिरा. नवऱ्याच्या पावावर एक चीर, मुलाच्या दोन, मुलीच्या तीन. सुनेच्या पावावर फुली, चुकलेल्या गणितावर मास्तर काढतात तशी. स्वतःच्या पावावर काहीच नाही. आपल्याला कशाला खूण हवी?

आता तिची खरी करामत. पीठ, पाणी आणि यीस्ट एकत्र करून ती गोळा अर्धा तास झाकून ठेवी आणि मीठ त्यानंतर घाली. मीठ आधी पडलं की पीठ रुसतं, असं ती सांगायची. पण त्या अर्ध्या तासात तिला आदल्या दिवसाची उजळणीही करता येई. ज्यानं आगळीक केली असेल, त्याच्या वाटणीचा गोळा ती मीठ घालण्याआधीच तोडून बाजूला ठेवायची. सकाळी त्याच्या ताटलीत अळणी पाव यायचा. सोबत बिनमिठाचं घरचं लोणी. त्यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही, असा नियम होता. ज्याला अळणी लागला त्यानं आपलं काय चुकलं ते आपलं आपण शोधायचं, स्वयंपाकघरात येऊन कबूल करायचं, की दुसऱ्या दिवशी मीठ परत. चौतीस वर्षांत तिला आवाज चढवावा लागला नव्हता.

सून तेवढी कधी आली नाही. सगळ्यात जास्त अळणी पाव तिनंच खाल्ले असतील. मुकाट्यानं खायची, ताटली धुऊन ठेवायची आणि कामाला निघून जायची. क्षमा नाही, रडणं नाही. हा निव्वळ माज आहे, असं मेट्रनचं ठाम मत होतं.

दोन महिन्यांपूर्वी मात्र एक प्रकार घडला. ओव्हन पेटवून, आत तेल लावलेला ट्रे तसाच ठेवून ती बाजारात गेली. परत आली तेव्हा जिन्यात धूर होता, शेजारी खोकत उभे होते आणि मुलगा नाकाला रुमाल लावून भिंत किती काळी झाली ते बघत होता. त्या संध्याकाळी तो जन्मात पहिल्यांदा तिच्याशी ताठ मानेनं बोलला.

“आई, तू विसरायला लागली आहेस. परत एकदा असं काही झालं ना, तर ओव्हन घरात राहणार नाही. तू स्वयंपाकघरात एकटी जायचं नाहीस.”

तिनं नाक मुरडलं, पण तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. ओव्हन गेला तर मागे काय उरणार होतं? चार माणसं कापूस खाणार आणि ती खिडकीत बसून बघणार. चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधणं, दुधाचे दोनदा पैसे देणं, असल्या चार-दोन गोष्टी मधल्या काळात झाल्या होत्या. त्याबद्दल तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

त्या मंगळवारी गोळ्यावरचं फडकं काढलं आणि दार वाजलं. खालच्या मजल्यावरची बाई पाणी कधी येणार ते विचारायला आली होती. तिनं जिन्यातला दिवा रात्रभर जळत ठेवल्याबद्दल मेट्रननं तिची यथेच्छ खरडपट्टी काढली आणि प्रसन्न मनानं परत येऊन गोळे केले. पाव नेहमीपेक्षा जरा जास्तच फुगले. हात अजून गेलेला नाही, असं ती स्वतःशीच म्हणाली.

न्याहारी झाली आणि मुलगा बूट हातात घेऊन स्वयंपाकघरात आला.

“आई, तुला कुणी सांगितलं माहीत नाही. मी त्या गॅसवाल्याला नुसतं विचारलं होतं गं. रविवारी येऊन ओव्हन काढून नेतो म्हणाला तो.” त्यानं बूट या हातातून त्या हातात घेतले. “नको म्हणून कळवतो त्याला. आजच.”

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“कळव,” ती म्हणाली. “आणि बूट खाली ठेव. इथे अन्न शिजतं.”

चाळिशीचा घोडा, पण शेपूट घालून निघून गेला. पाठीमागून रविवारचा बेत करायचा आणि घास अळणी लागला की तोंडावर येऊन ओकायचं. धड कट करायचीही अक्कल नाही. पण हा आज आपण होऊन कसा आला, एवढं मात्र तिला कळेना. त्याचा पाव तर तिनं वेगळा काढल्याचं आठवत नव्हतं.

ते कोडं सुटायच्या आत नवरा आला. फिरायला जाताना कोपऱ्यावर तो रोज एक गोड बन खात होता, चार महिन्यांपासून. कापूस! तोही क्रीम लावलेला. “मित्र आग्रह करतात,” म्हणाला. या माणसाला आजवर कुणी कशाचा आग्रह केलेला तिनं पाहिला नव्हता. थोड्या वेळानं मुलीचा फोन आला. डब्यातला पाव ती कचेरीतल्या शिपायाच्या कुत्र्याला घालत होती, दररोज.

“कुत्र्याला आवडतो का?” मेट्रननं विचारलं.

“खूप,” मुलगी हुंदका देत म्हणाली.

“मग घरात एकाला तरी चव आहे म्हणायचं,” असं बोलून तिनं फोन ठेवला.

अकरा वाजता, सगळं आवरल्यावर, ती चहा घेऊन बसली. ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी खायची. मनात तिघांचे वाभाडे काढणं चाललं होतं आणि खरं सांगायचं तर मजा येत होती. तिनं आपल्या बिनखुणेच्या पावाचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

अळणी.

तिनं दुसरा तुकडा खाल्ला, मधला. तोही अळणी. मग तिला खालच्या मजल्यावरची बाई आठवली, जिन्यातला दिवा आठवला आणि मिठाचा डबा उघडल्याचं काही केल्या आठवेना. बिनमिठाचं पीठ जास्त फुगतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तिनं त्याला हाताचा गुण म्हटलं होतं. तिला स्वतःची इतकी किळस आली की तिनं कप बाजूला सारला. आयुष्यभर इतरांना मठ्ठ म्हणत आली आणि सगळ्यात मठ्ठ बाई इथे चहा पीत बसली होती.

किळस ओसरली आणि भीतीनं तिला घेरलं. तिघं अजून आपापल्या पापात बुडालेले होते. पण त्यांनी एकमेकांना नुसतं विचारलं, तुझाही का रे अळणी, की संपलं. रविवारी तो गॅसवाला येणारच. उरलेला अर्धा पाव तिनं पावाच्या डब्यात टाकला, खोलीत जाऊन पडली आणि बारा वाजता सून दार ओढून गेल्याचा आवाज ऐकला. ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. माजोरडी ती माजोरडीच.

संध्याकाळी सातला सगळे जेवायला बसले. सूप होतं, आणि ज्याचा त्याचा उरलेला पाव. कबुली देऊन हलक्या झालेल्या नवऱ्याला नेमकी तेव्हाच विनोदाची लहर आली.

“नियम मोडतो हं,” तो हसत म्हणाला. “माझा आज अळणी होता. बन भोवला!”

“तुमचा पण?” मुलगी म्हणाली. “बाबा, माझा पण.”

मुलानं चमचा खाली ठेवला. जळक्या दुकानात शिरताना त्याचा चेहरा होत असेल तसा झाला होता.

“माझाही,” तो हळूच म्हणाला. मग आईकडे एकदा पाहून बायकोकडे वळला. “तुझा?”

मेट्रनचे हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट अडकले. पोरीला आज बोलायची संधी होती. चार वर्षांचे अळणी पाव एका शब्दात वसूल झाले असते आणि कुणी तिला वाईटही म्हटलं नसतं.

सुनेच्या ताटलीत फुलीचा एक कोपरा उरला होता. तिनं तो उचलून तोंडात टाकला, सावकाश चावला आणि गिळला.

“माझा नेहमीसारखा होता,” ती म्हणाली. “मीठ होतं. का?”

“आणि आईचा?”

“आईंचा अर्धा डब्यात होता, तो मी निघताना खाल्ला. विचारलं नाही, आई, भूक लागली होती. चांगला होता.” मग आपल्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही तिघांनी काय केलंत, ते तुमचं तुम्हाला माहीत.”

तिघांनी माना खाली घातल्या आणि सूप ओरपायला लागले. एकेकाचं मन इतकं खाणारं, की शंकेला जागाच उरली नव्हती. मेट्रन उठून स्वयंपाकघरात गेली आणि डबा उघडून पाहिला. खरंच रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी सहाला तिनं सुनेच्या दारावर टकटक केली. सून केस बांधत आली आणि नेहमीप्रमाणे चुकीच्या जागी, वाटेत, उभी राहिली.

“तुला कसं कळलं काल?” मेट्रननं पिठात हात घालतच विचारलं.

“मीठ नसलं की पाव वरून फिका राहतो, आई. माझा नेहमी तसा असतो ना, म्हणून माहितीये. काल जाळीवर पाचही फिके होते.”

मेट्रननं गोळा उलटा करून परत दाबला. पाचही फिके होते, आणि ते कळलं होतं ते तिनं शिक्षा करून करून शिकवलेल्या पोरीला. तिला लाज वाटली. लाज वाटायची सवय नसल्यामुळे तिला ती रागासारखीच वाटली.

“उभी काय राहिलीस खांबासारखी,” ती म्हणाली. “डबा घे. सपाट दोन चमचे मीठ घाल यात. सपाट म्हटलंय, डोंगर नको. तुला कसलाच अंदाज नाही.”

सुनेनं डबा घेतला नाही.

“घातलंत तुम्ही,” ती म्हणाली. “आत्ताच. मी दारात होते तेव्हा.”

मेट्रननं तिच्याकडे पाहिलं. ही खोटं बोलते, असा पहिला विचार तिच्या मनात आला. काल किती सहज बोलली होती. मग तिनं पिठाचा कण चिमटीत घेऊन जिभेवर ठेवला.

खारट होता. बरोबर, दोन सपाट चमचे, जितका हवा तितका. आणि तिला त्यातलं काहीसुद्धा आठवत नव्हतं.

बाहेर नवरा फिरायला जायची तयारी करत होता. बूट शोधत गुणगुणत होता. ती परातीपासून बाजूला झाली. चौतीस वर्षांत त्या जागेवर दुसरं कुणी उभं राहिलेलं नव्हतं.

“मळ,” ती म्हणाली. “तळव्यानं. बोटांनी कुरवाळू नकोस, मांजर नाहीये ते.”

सून मळायला लागली. अगदीच वाईट मळत होती.

“आणि उद्यापासून मी मीठ घालताना इथे येऊन उभी राहत जा,” मेट्रन भिंतीकडे बघत म्हणाली. “घातलं की घातलं म्हणायचं. मोठ्यानं नको.”